इम्प्लांटचा आकडा बदलताना: ३७५ सीसीवरून २७५ सीसीकडे

ऑगस्ट २०२४ मध्ये माझ्या डाव्या स्तनावर पुनर्रचनेची शस्त्रक्रिया दुसऱ्यांदा झाली. दहा वर्षांपूर्वी बसवलेले इम्प्लांट (स्तनाच्या जागी शरीरात ठेवायची सिलिकॉनची पिशवी) काढून त्या जागी नवे, आकाराने लहान इम्प्लांट बसवण्यात आले. शस्त्रक्रियेची भीती मला फारशी वाटली नव्हती, पण नव्या इम्प्लांटचा आकार ठरवताना मात्र मी जवळजवळ दोन महिने अस्वस्थ होते. ठाण्याच्या ताईशी मी आजारातले सगळे बोलते. पण किती सीसीचे, म्हणजे किती मिलिलिटर आकारमानाचे इम्प्लांट घ्यावे, हा प्रश्न मी तिच्यापुढेही काढला नव्हता. याच निर्णयाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बायकांना उपयोग होईल म्हणून ते दोन महिने मी इथे सविस्तर मांडते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. २०१३ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, माझ्या डाव्या स्तनात कर्करोगाचे निदान झाले. तो दुधाच्या नलिकांच्या आतच होता, बाहेर पसरलेला नव्हता; पण त्याने व्यापलेला भाग मोठा असल्यामुळे संपूर्ण स्तन काढावा लागला. केमोथेरपी किंवा रेडिएशनची गरज पडली नाही. त्याच शस्त्रक्रियेत छातीच्या स्नायूखाली एक्स्पांडर, म्हणजे हळूहळू फुगवता येणारी पिशवी, बसवली गेली. दर पंधरवड्याला सुईने तिच्यात सलाइन भरून त्वचा ताणत नेली आणि २०१४ मध्ये ती पिशवी काढून कायमचे म्हणून सिलिकॉनचे इम्प्लांट बसवले. ‘कायमचे’ हा शब्द तेव्हा माझ्याशी बोलताना वापरला गेला होता. इम्प्लांट जन्मभर टिकेल असे गृहीत धरता येत नाही, हे मला पुष्कळ उशिरा समजले.

त्या इम्प्लांटचा आकार ३७५ सीसी होता. तो कोणी, कसा ठरवला हे मी त्या वेळी विचारले नाही आणि मला कोणी सांगितलेही नाही. त्या रुग्णालयाबद्दल किंवा तिथल्या डॉक्टरांबद्दल मनात कडवटपणा नाही, कारण त्यांनी माझा आजार वेळेवर काढून टाकला. पण माझ्या शरीरात कोणत्या मापाची वस्तू राहणार आहे, याची चर्चा माझ्याशी व्हायला हवी होती, असे मला आजही ठामपणे वाटते. पुढे जुनी फाइल चाळताना पॅथॉलॉजीच्या अहवालात काढलेल्या स्तनाचे वजन ४१० ग्रॅम असल्याची नोंद सापडली. पुनर्रचनेत असे वजन हा अंदाजाचा एक आधार असतो, त्यामुळे ३७५ हा आकडा तेव्हाच्या माझ्या शरीराला धरूनच होता, हे मान्य करायला हवे.

मात्र ते शरीर पुढे तसे राहिले नाही. २०१४ मध्ये माझे वजन ६८ किलो होते; मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे कळल्यावर मी चालणे आणि आहार मनावर घेतला आणि २०२३ पर्यंत ते ५७ किलोवर आले. स्तनातील चरबी वजनाबरोबर कमी होते, त्यामुळे माझा उजवा स्तन लहान झाला आणि वयानुसार खालीही उतरला. डावीकडचे इम्प्लांट मात्र तेवढेच राहिले. त्याच्यावरची त्वचा, जी स्तन काढल्यामुळे आधीच पातळ होती, ती आणखी पातळ झाली. बाहेरच्या कडेला इम्प्लांटच्या सुरकुत्या डोळ्यांना दिसू लागल्या आणि स्तनाखालची घडी हळूहळू खाली सरकली. भार पेलता पेलता, इम्प्लांट ज्यात बसते तो आतला कप्पा खालून सैल झाला होता. ब्लाउज शिवताना उजवीकडे भर घालावी लागे आणि डावीकडे टक उसवावे लागत, हा त्याचा रोजचा परिणाम.

नव्या प्लास्टिक सर्जन मॅडमकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी सर्वांत आधी इम्प्लांटचे कार्ड मागितले. शस्त्रक्रियेच्या वेळी इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर या कार्डावर लावतात. त्यावर निर्माता, अनुक्रमांक, आकारमान, पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खरखरीत, हे सगळे असते. माझे कार्ड कपाटात विम्याच्या कागदांत सुरक्षित होते, आणि तेही एका बातमीमुळे. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सांगण्यावरून अॅलर्गन कंपनीने तिची ‘बायोसेल’ प्रकारची खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत घेतली, कारण इम्प्लांटभोवती होणाऱ्या एका दुर्मीळ लिम्फोमाशी, म्हणजे लसीका पेशींच्या कर्करोगाशी, त्यांचा संबंध दिसून आला होता. ती बातमी वाचून मी रात्रभर कार्ड शोधले होते. माझे इम्प्लांट गुळगुळीत निघाले आणि जीव भांड्यात पडला. ज्यांच्या शरीरात इम्प्लांट आहे त्यांनी हे कार्ड, आणि ते नसेल तर शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत, आजच मागवून ठेवावी. जुने माप माहीत नसेल तर नवे माप ठरवणारा सर्जन अर्धा अंधारात असतो.

माझ्या कार्डावर ३७५ सीसीच्या पुढे ‘हाय प्रोफाइल’ असे लिहिले होते. मॅडमनी कॅलिपर, म्हणजे रुंदी-जाडी मोजायचे साधन, घेऊन माझी मापे घेतली आणि मग एका कोऱ्या कागदावर दोन आकृत्या काढल्या. एक बसका, एक उंच. दोन्हींचा पाया सारखा. गोल इम्प्लांटला मुख्यतः दोन मापे असतात, एक पायाची रुंदी आणि दुसरे ते छातीपासून किती पुढे येते ते, म्हणजेच प्रोफाइल; सीसीचा आकडा हा या दोहोंतून निघणारा परिणाम असतो. माझ्या जुन्या इम्प्लांटची रुंदी सुमारे १२ सेंटिमीटर होती आणि पुढे येणे जवळजवळ ५ सेंटिमीटर. छातीच्या मधल्या हाडापासून काखेच्या पुढच्या रेषेपर्यंत माझी उपलब्ध रुंदी आजही १२ सेंटिमीटरच्याच आसपास होती, कारण वजन घटले तरी छातीचा पिंजरा काही अरुंद होत नाही. म्हणजे रुंदी तीच ठेवून मध्यम प्रोफाइलचे इम्प्लांट घेतले, तर आकारमान २७५ सीसीच्या जवळ येत होते.

मी तत्काळ नकार दिला. शंभर सीसीने लहान इम्प्लांट घ्यायला माझी तयारी नव्हती. मला ३७५ हवे होते, निदान ३५० तरी. त्या वेळी मी कारण असे दिले की इतकी वर्षे कपडे या मापाने घातले आहेत, लोकांच्या नजरेत फरक येईल. खरे कारण निराळे होते आणि ते सांगायला मला लाज वाटत होती. एकदा सगळे काढून घेतलेल्या जागेतून पुन्हा काही कमी करणे म्हणजे मला दुसऱ्यांदा काहीतरी काढून नेल्यासारखे वाटत होते. त्या ३७५ मध्ये माझ्यासाठी भरपाईचा अर्थ होता, आणि भरपाईचा आकडा कमी करून घ्यायला कोणाचेच मन तयार होत नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या डाव्या बाजूची त्वचा बाहेरच्या कडेला चिमटीत धरली आणि कॅलिपर माझ्यासमोर धरला. चिमटीतल्या दुहेरी थराची जाडी ८ मिलिमीटर भरली, म्हणजे इम्प्लांटवरचे आच्छादन त्याच्या निम्मेच. “तुम्हाला किती हवे ते मी विचारणारच आहे,” त्या म्हणाल्या, “पण त्याआधी ही त्वचा किती पेलेल ते आपण दोघींनी पाहायला हवे.” सिलिकॉनची घनता पाण्याच्या जवळपास असल्यामुळे ३७५ सीसीचे इम्प्लांट साधारण ३६० ते ३७० ग्रॅम भरते. एवढा भार दहा वर्षे पेलून जो कप्पा खाली उतरला होता, तो टाके घालून वर आणायचा आणि त्यात पुन्हा तेवढाच भार ठेवायचा, तर ते टाके किती काळ टिकतील, हा त्यांचा प्रश्न होता. माझ्याकडे उत्तर नव्हते.

नंतर मी वाचत गेले तेव्हा लक्षात आले की हा विचारांचा क्रम त्यांच्या एकटीचा नाही. जॉन टेबेट्स आणि विल्यम अॅडम्स या अमेरिकी सर्जननी २००५ मध्ये, पहिल्यांदा इम्प्लांट घेणाऱ्या बायकांसाठी, पाच निर्णयांची एक पद्धत मांडली. तिच्यात आच्छादन आणि कप्प्याची जागा हा निर्णय पहिला येतो, आकारमान आणि इम्प्लांटची मापे त्यानंतर, आणि स्तनाखालच्या घडीची जागा व छेद कुठे घ्यायचा हे शेवटी. दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेत तर हा क्रम अधिकच काटेकोरपणे पाळायला हवा, असे माझे मत झाले आहे, कारण पहिल्या वेळी ऊती ताज्या असतात आणि दुसऱ्या वेळी त्या एकदा वापरलेल्या असतात.

तरीही मन मानत नव्हते. पहिल्यांदा इम्प्लांट घेणाऱ्या बायका मोज्यात मापून तांदूळ भरतात आणि तो ब्रामध्ये ठेवून आकाराचा अंदाज घेतात, हे मी वाचले होते. माझ्या बाबतीत ती युक्ती सरळ लागू होत नव्हती, कारण डावीकडे इम्प्लांट आधीच आत होते. मग एका रात्री मला सुचले की तांदूळ उजवीकडे ठेवून पाहावा. डावी बाजू मोठी झाली आहे की उजवी लहान, या घोळात न पडता दोहोंतले अंतर तरी मोजता येईल. औषधाच्या मापाने २५ मिलिलिटर, २५ मिलिलिटर असा कोलम तांदूळ लहान लहान पिशव्यांत बांधला. माझी मुलगी तेव्हा परीक्षेचा अभ्यास करत जागी होती. तिने काही न विचारता गाठी मारून दिल्या. जुना, न उसवलेला ब्लाउज घालून मी आरशासमोर एकेक पिशवी उजव्या कपात ठेवत गेले. दोन पिशव्यांनी फरक राहिला, तिसरीने कमी झाला आणि चौथ्या पिशवीनंतर ब्लाउजच्या दोन्ही बाजू सारख्या दिसल्या. चार पिशव्या म्हणजे १०० मिलिलिटर.

मी त्या पिशव्या हातात घेऊन बराच वेळ बसले होते. मॅडमनी कॅलिपरने जे सांगितले तेच माझ्या स्वयंपाकघरातला तांदूळ सांगत होता. जो आकार मी धरून ठेवू पाहत होते तो माझ्या आत्ताच्या शरीराचा नव्हता; तो ६८ किलोच्या, अडतीस-एकोणचाळीस वर्षांच्या बाईचा होता. ती बाई मला प्रिय आहे, पण इम्प्लांट तिला बसणार नव्हते. (बाहेरून कपात ठेवलेले १०० मिलिलिटर आणि त्वचेखालचे १०० सीसी सारखे दिसत नाहीत, हे मॅडमनी नंतर स्पष्ट केले. मात्र दिशा बरोबर होती, असे त्या म्हणाल्या.)

पुढच्या भेटीत आम्ही इतर मार्गही मोकळेपणाने पाहिले. पोटाची त्वचा आणि चरबी रक्तवाहिन्यांसह वर आणून स्तन घडवणे हा एक मार्ग होता. त्यात इम्प्लांटच राहत नाही आणि तो भाग वजनाबरोबर कमीजास्त होतो, हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु शस्त्रक्रिया लांबलचक, पोटावर मोठा व्रण आणि बरे होण्याचा काळ अधिक, म्हणून मी तो नाकारला. इम्प्लांट काढून छाती सपाट बंद करून घेणे, हाही मार्ग मॅडमनी स्वतःहून सांगितला आणि त्यावर मी चार दिवस गंभीरपणे विचार केला. ज्यांना रेडिएशन मिळाले आहे त्यांनी हे दोन पर्याय अधिक लक्षपूर्वक ऐकावेत, कारण रेडिएशन झालेल्या जागी इम्प्लांटभोवती शरीराने तयार केलेले आवरण आवळून घट्ट होण्याचा धोका वाढतो. ज्यांची दुरुस्ती अशा घट्टपणासाठी असते त्यांचे गणितही माझ्यापेक्षा वेगळे असते; आवळलेल्या आवरणात इम्प्लांट असते त्याहून लहान आणि कठीण भासते, आणि म्हणून ‘मागचे लहान पडले, आता मोठे घेऊ’ अशी चुकीची समजूत होऊ शकते.

शेवटी माझा अडकलेला धागा अगदी लहान होता: २७५ की ३००? या पंचवीस सीसीवर मी जितका वेळ घालवला तितका बाकी कशावरच नाही. मॅडमनी मला घरी जाऊन टेबलस्पूनने पाणी मोजायला सांगितले. पंचवीस मिलिलिटर म्हणजे दोन टेबलस्पूनही भरत नाहीत. ते पाणी स्तनाच्या संपूर्ण आकारावर पसरले तर कपड्यांतून कोणाला ओळखू येणे कठीण. कप कितीने बदलेल, हे विचारण्यातही अर्थ नव्हता, कारण ब्राचा कप हे काही ठरलेले माप नाही. घेर बदलला की त्याच अक्षराचा कपही बदलतो आणि कंपनी बदलली तरी बदलतो.

म्हणून संमतिपत्रावर आम्ही एक आकडा न लिहिता मर्यादा लिहिली: २५० ते ३००, त्याहून मोठे कोणत्याही कारणाने नाही. ही मर्यादा लिहून घेण्याचा आग्रह माझा होता आणि तो धरल्याचे मला समाधान आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी खऱ्या इम्प्लांटआधी सायझर, म्हणजे केवळ मापासाठीची तात्पुरती इम्प्लांट, ठेवून पाहतात. भुलेतच टेबलाचा वरचा भाग उचलून रुग्णाला बसते करतात आणि दोन्ही बाजू समोरून ताडून पाहतात. आडव्या शरीरावर पाहिलेला आकार फसवा असतो. कप्पा आतून टाक्यांनी वर उचलल्यावर आणि उजवा स्तन त्वचा कमी करून वर घेतल्यावर २५५, २७५ आणि ३०० असे तीन सायझर पाहिले गेले आणि २७५ निवडले गेले. बाहेरच्या कडेच्या सुरकुत्यांसाठी पोटाची थोडी चरबी काढून त्वचेखाली भरली, कारण लहान इम्प्लांटने भार कमी होतो, पण पातळ त्वचा त्याने जाड होत नाही.

खर्चाबद्दल एवढेच सांगते. विमा कंपनीने पहिल्यांदा ‘सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया’ असे कारण देऊन दावा नाकारला. आपल्याकडच्या आरोग्य विम्यातील प्रमाणित अपवादाच्या कलमात अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना स्पष्टपणे वगळलेली आहे, म्हणजे तिला तो अपवाद लागू होत नाही. मॅडमचे पत्र आणि २०१३ चा पॅथॉलॉजी अहवाल जोडून अर्ज केल्यावर दावा मंजूर झाला. त्यामुळे पहिला नकार आला म्हणून कोणी गप्प बसू नये.

शस्त्रक्रियेनंतर ड्रेन, म्हणजे जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी, पाचव्या दिवशी निघाला आणि सहा आठवडे वजन उचलण्यास, हात डोक्यावर नेण्यास बंदी होती. दुसऱ्या आठवड्यात सर्जिकल ब्रा बदलताना मी पहिल्यांदा नीट पाहिले आणि मला रडू आले. सगळे लहान, चपटे आणि वर ओढलेले दिसत होते. यजमान म्हणाले, “सूज उतरू दे, मग बघ,” पण मला त्या क्षणी ३७५ परत हवे होते. ही भावना येऊ शकते, हे आधी कोणी सांगितले असते तर ती रात्र थोडी सोपी गेली असती, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. इम्प्लांट खाली बसायला आणि वरचा ताण सैल व्हायला मला तीन महिने लागले. मग एक दिवस मी आरशासमोरून काही न तपासता निघून गेले आणि ते बाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आले.

सहा महिन्यांनी मॅडमनी पुन्हा मापे घेतली. स्तनाखालची घडी जिथे शिवली होती तिथेच होती. भरलेल्या चरबीपैकी काही शोषली गेली आहे आणि हात फिरवला तर बाहेरच्या कडेला एक सुरकुती अजून लागते. हवी असल्यास पुन्हा चरबी भरता येईल असे त्या म्हणाल्या, आणि मी सध्या नको म्हटले. उजवी बाजू डावीपेक्षा जवळजवळ एक सेंटिमीटर खाली आहे, तीही तशीच ठेवली आहे. सिलिकॉनचे इम्प्लांट कोणतेही लक्षण न दाखवता आतल्या आत फुटू शकते, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या शिफारशीप्रमाणे पाचव्या-सहाव्या वर्षी आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करायचा आहे. पहिली तपासणी २०२९ मध्ये, असे मी दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहे. नवे कार्ड जुन्या कार्डाला टाचणी लावून त्याच विम्याच्या कागदांत ठेवले आहे आणि ते कुठे आहे हे मुलीला दाखवले आहे. त्या रात्रीच्या चार पिशव्यांतला तांदूळ मी डब्यात परत ओतला होता. रिकाम्या पिशव्या मात्र अजून कपाटात, त्या कार्डांजवळच आहेत.